पडद्याला सील लागत नाही

निकम मॅडमबद्दल वाईट ऐकायचं असेल तर आमच्या कार्यालयात कुणालाही विचारा. शिपायापासून साहेबांपर्यंत प्रत्येकाजवळ एखादा किस्सा तयार आहे, आणि अडचण अशी की ते सगळे खरे आहेत. साहेबांच्या साडूचं पाळणाघर त्यांनी नापास केलं, हे खरं. एका संस्थेच्या अध्यक्षांना मुलांच्या बुटक्या खुर्चीत पाऊण तास बसवून प्रश्न विचारले, हेही खरं. उठताना अध्यक्षांबरोबर खुर्चीही उठली, हे तर मी स्वतः पाहिलंय, कारण ती ओढून काढायला मलाच बोलावलं होतं. आणि लोकांच्या पाळणाघरात जाऊन त्या जमिनीवर लोळतात, हेसुद्धा खरं. एवढं ऐकून कुणाला बाई खाष्ट वाटली तर वाटू दे. होत्याच त्या खाष्ट. मी त्या खाष्टपणाच्या बाजूने लिहितोय, आणि ते कुणाला आवडलं नाही तर माझी नोकरी तशीही कंत्राटीच आहे.

आमचं काम असं: जिल्ह्यातली पाळणाघरं, हल्लीच्या भाषेत डे-केअर, यांना नोंदणी द्यायची आणि दिलेली नोंदणी अधूनमधून तपासायची. निकम मॅडम तपासणी अधिकारी. मी त्यांचा सहायक, म्हणजे टेप धरणारा. माझं आडनाव वाघ. त्यापलीकडे माझ्यात वाघासारखं काहीही नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं.

त्या पहिल्या दिवसाची गोष्ट. इंदिरानगरमधल्या एका बंगल्यातलं पाळणाघर. मी सकाळी दहाला तयार होऊन बसलो होतो, तर मॅडम म्हणाल्या, "दहाला कशाला? सकाळी दहाला सगळी पाळणाघरं गोकुळ असतात. मुलांना पावडर लावलेली, बाया हसतमुख. दीडला जाऊ. मुलं झोपतात तेव्हा बायाही पसरतात आणि घर खरं दिसायला लागतं."

दीडला पोचलो. दहा-बारा मुलं सतरंजीवर झोपलेली. मॅडमनी पर्स कोपऱ्यात ठेवली, निऱ्या सावरल्या आणि काही न बोलता मुलांच्या मधोमध सरळ आडव्या झाल्या. डोळे छताकडे.

मला वाटलं, उन्हातून आल्या, चक्कर आली. प्रथमोपचाराचं एक दिवसाचं प्रशिक्षण मी नुकतंच घेतलं होतं. हातातली पाण्याची बाटली मी त्यांच्या तोंडावर रिकामी केली.

मॅडम उठून बसल्या. पदराने तोंड पुसलं, चष्मा पुसला. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "वाघ, माझी आंघोळ झालेली आहे."

"मॅडम, मला वाटलं..."

"मुलं झोपलीत. पुढचं आडवा होऊन बोल."

मी आडवा झालो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात उपयोगी प्रशिक्षण त्या सतरंजीवर झालं. उभ्याने जी खोली लखलखीत दिसत होती, ती आडव्याने वेगळीच निघाली. टेबलाच्या खालच्या अंगाला अर्धवट ठोकलेला खिळा. भिंतीला मुलाच्या बोटाच्या उंचीवर उघडं प्लगचं भोक. कपाटाखाली उंदराच्या औषधाची गुलाबी वडी, पेढ्यासारखी. मॅडमनी शेजारची एक उशी उचलून हुंगली, दुसरी हुंगली, आणि म्हणाल्या, "उन्हात घातलेल्या नाहीत. लिही." मी आडव्यानेच लिहिलं. ते अक्षर पुढे साहेबांना वाचता आलं नाही आणि त्याची बोलणीही मीच खाल्ली.

पाळणाघरवाल्या ताई दारात उभ्या. त्यांना तिथे दोन सरकारी माणसं लोळताना दिसत होती. "मॅडम, चहा टाकू?" एवढंच त्या बिचाऱ्या म्हणाल्या.

"मुलांना दुपारी काय देता?"

"दूध आणि उपमा."

"तेच द्या. दोन वाट्या."

हा त्यांचा दुसरा नियम, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात जाचक. जे मुलांना तेच आपल्याला. जिल्ह्यातल्या किती काजू-बिस्किटांच्या बशा माझ्या समोरून तशाच परत गेल्या, ते आठवलं की अजून जीव हळहळतो. त्याऐवजी मी पाणीदार दूध प्यायलो, गार वरणभात खाल्ला, आणि एकदा तर कुठल्याशा तयार पिठाची खीर, जी भिंतीला पोस्टर चिकटवायला जास्त बरी. मॅडम मात्र शेवटच्या घासापर्यंत खायच्या आणि मग ठरवायच्या. खीर खाल्ल्यावर त्यांनी मालकिणीला विचारलं, "तुम्ही खाल्लीय का कधी?" मालकीण म्हणाली, "मला गोड चालत नाही." मॅडम म्हणाल्या, "हे गोड नाही. खाऊन बघा." आणि ती वाटी संपेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.

गंगापूर रोडच्या एका आलिशान डे-केअरची गोष्ट मी सांगणार नव्हतो, कारण त्यात माझी शोभा आहे. पण ती नाही सांगितली तर कार्यालयातले सांगतील आणि मीठमसाला लावून सांगतील. तिथे सगळं चकाचक. मुलांचं न्हाणीघर तर आमच्या घरातल्या बैठकीच्या खोलीपेक्षा बरं. मॅडम बाहेरची मोजमापं बघत होत्या. मी न्हाणीघरात शिरलो, दार लोटलं आणि कडी नीट बसते का म्हणून लावून पाहिली. नीट बसली. इतकी नीट की उघडेना.

बाहेर मुलांची रांग लागली. एक चिमुरडी दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाली, "काका, तुमची शी झाली का?"

"झाली नाही. म्हणजे, नव्हतीच लागली."

"मग आत कशाला बसलात?"

तेवढ्यात मॅडमचा आवाज आला. "वाघ, आतून कसं वाटतंय?"

"घाबरल्यासारखं वाटतंय, मॅडम."

"किती?"

"बरंच."

"लिहून घे."

मालकीण म्हणत होत्या की कडी परदेशी आहे, फार भारी आहे. मॅडम म्हणाल्या, "कडी परदेशी आहे, पण अडकणारं मूल गंगापूर रोडचं असणार. लहान मुलांच्या न्हाणीघराला आतून कडी नको. हा माझा माणूस चाळिशीचा आहे, तरी त्याला रडू येतंय." मला रडू येत नव्हतं, घाम आला होता, पण दारापलीकडून खुलासा काय करणार? सुतार येईपर्यंत मुलांनी मला फटीतून दोन गाणी म्हणून दाखवली.

एक गोष्ट मला बरेच दिवस खात होती. असं एवढं हट्टाने करणाऱ्या बाईच्या मागे काहीतरी घडलेलं असणार. कार्यालयात कुजबुज होतीच. कुणी म्हणे, त्यांचं लहान मूल गेलं. कुणी म्हणे, बहिणीचं. मी एकदा द्वारका चौकाच्या सिग्नलला त्यांच्या स्कूटरवर मागे बसलेलो असताना न राहवून विचारलंच. "मॅडम, तुमच्या बाबतीत काही झालं होतं का? लहान मुलाचं?"

सिग्नल सुटला होता. मागे ट्रक, पुढे रिक्षा. मॅडमनी स्कूटर हलवली नाही. मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "माझी दोन्ही मुलं पुण्यात आहेत. धाकटा तर इतका जाड झालाय की जिना चढवत नाही. काहीही झालेलं नाही, वाघ. काही व्हायच्या आधी जातो त्याला तपासणी म्हणतात. झाल्यावर जातो तो पंचनामा. तुला पंचनाम्याची हौस असेल तर पोलिसात भरती हो."

मागच्या ट्रकवाल्याने कचकचीत हॉर्न दिला. मॅडमनी त्याच्याकडेही तसंच पाहिलं. "काय शे रे भाऊ? जाऊ ना. गाडी शे, विमान नही." त्या कळवणच्या. एरवी बोलणं स्वच्छ शहरी, पण राग आला की माहेरची अहिराणी वर यायची. कार्यालयात आम्ही 'शे' ऐकला की खुर्च्या सरकवून बाहेर पडायचो.

आता मुख्य गोष्ट.

थंडी सुरू झाली होती. साहेबांनी मॅडमना आत बोलावलं, मला टेप घेऊन. साहेब वाईट नव्हते. त्यांना फक्त शांतता आवडायची. म्हणाले, "दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत विनानोंदणी पाळणाघर चालतंय, पत्र्याच्या शेडमध्ये. तक्रार आली आहे. आजच्या आज दाराला सील लावून या."

"तक्रार कोणाची?"

"बागेच्या मालकाचीच. दौलतराव. सज्जन माणूस."

"मालकाच्या शेडमध्ये पाळणाघर, आणि तक्रार मालकाची?"

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. खरं काय ते आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. पेठकडच्या डोंगरातून भात कापून झाला की माणसं इकडे द्राक्षाच्या कामाला येतात. बायका लेकरं घेऊन येतात, लेकरं कुठे ठेवणार? गेल्या साली दौलतरावांनीच शेडची एक खोली दिली होती, कारण त्याशिवाय बायका कामाला थांबत नव्हत्या. पण त्यांचा माल परदेशी जातो. खरेदीदाराची माणसं महिना-दोन महिन्यांत बाग तपासायला येणार होती, आणि बागेत पोरं दिसली की ती माणसं विचारतात, पोरांना कामाला लावता का? मग उत्तरं देत बसा. त्यापेक्षा पोरंच नकोत. आणि स्वतः हाकललं तर बाया निघून जातील, म्हणून ते काम सरकारने करायचं.

स्कूटरवर माझ्या मांडीवर लाखेची कांडी, मेणबत्ती, कुलूप आणि पितळी शिक्का. आभाळ भरून आलेलं. बागेत पोचलो तर मॅडमनी स्कूटर शेडपाशी न नेता मागच्या शेततळ्यापाशी थांबवली. काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेलं, काठोकाठ भरलेलं, उताराला शेवाळ. कुंपण नाही. शेडच्या मागच्या बाजूपासून ते इतकं जवळ होतं की एखादं पोर चेंडूमागे धावलं तर चेंडूच्या आधी पोचलं असतं. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या.

"यात मोठा माणूस पडला तरी वर येत नाही," त्या म्हणाल्या. "कागदावर पाय ठरत नाही." मग शेडकडे बघून म्हणाल्या, "आपण ते बंद केलं, तर पोरं दिवसभर कुठे असतील?"

मी म्हणालो, "बांधावर."

"आणि बांध कुठेय?"

बांध तळ्याला लागूनच होता.

शेडच्या तोंडाशी एक तिशीची बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. यमुना. तीही पेठचीच मजूर, पण गुडघा धरल्यामुळे तिला काम झेपेना, म्हणून बाकीच्या बायांनी तिला पोरं सांभाळायला बसवली होती. मॅडम तिला म्हणाल्या, "मी आत बघते." आणि मला, "वाघ, तू सीलचं सामान काढून ठेव." नि पडदा सारून आत गेल्या.

सामान काढून ठेव. एवढंच म्हणाल्या होत्या. पण त्या दिवशी मला वाटलं, एक तरी काम मॅडमनी सांगायच्या आधी करून ठेवावं. मी दार शोधू लागलो. मॅडम जिथून आत गेल्या तिथे जुन्या साडीचा पडदा होता. पडद्याला सील कुठे लावणार? म्हणजे खरं दार वेगळं असणार. शेडला वळसा घातला तर दुसऱ्या टोकाला दार सापडलं. चांगलं लोखंडी, आणि त्यावर भलंमोठं रंगीत चित्र: डोळे, हात, पाय असलेला हसरा द्राक्षाचा घड, हात हलवून बोलावतोय. पाळणाघराशिवाय असं चित्र कुठे असणार? मी कुलूप घातलं, कापड गुंडाळलं, सीलचा कागद अडकवला, मेणबत्ती पेटवली आणि लाख टिपायला लागलो.

पत्र्यापलीकडचं बोलणं मला स्वच्छ ऐकू येत होतं.

"बाई, तुम्ही तपासाया आल्या का लोळाया?" यमुनाचा आवाज.

"लोळूनच तपासते मी. हा मुलगा झोपताना काय मागतो? काही सवय?"

"कसली सवय. पहाटं उठवून आणतात त्यांना, गाडीत कोंबून. पडलं का मेल्यागत झोपतं. सवयी मोठ्यांच्या पोरांना असतात."

हा प्रश्न मॅडम प्रत्येक पाळणाघरात विचारायच्या, पण असं उत्तर मी कधी ऐकलं नव्हतं.

"संडास?"

"मागं. उघड्यावर."

"पाणी?"

"हंडा. झाकला हाय, बघा."

"मागच्या वाटेला फळ्या का बांधल्यात?"

"तळं हाय ना मागं. वाट उघडी टाकली तर माझी दोन तरी जातील आत. मला पळता येत नाय."

मग मॅडम म्हणाल्या, "उशीला वास कसला येतोय?"

"औषधाचा. पलीकडं बागंची औषधं ठेवतात. मी लय सांगितलं मालकाला. पोरांची डोकी धरतात सांजच्याला. कोण ऐकतंय."

तेवढ्यात माझं काम फत्ते झालं. लाखेवर शिक्का दाबला, अंगठा भाजला, आणि समाधानाने मागे झालो. तोच एक माणूस मोटारसायकल टाकून माझ्या अंगावर धावून आला. दौलतरावांचा मुकादम.

"अहो साहेब, हे काय केलं? ही औषधांची खोली हाय. पंप पण आतच हाय. फवारणी कशी करायची आता?"

मी घडाकडे पाहिलं. घड हसत होता. खाली बारीक अक्षरात औषध कंपनीचं नाव होतं.

मॅडम बाहेर आल्या. मुकादम ओरडतोय, मी अंगठा चोखतोय. त्यांनी सील पाहिलं, दार पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कोणी सांगितलं हे?"

"तुम्हीच, मॅडम. म्हणजे, सामान काढून ठेव म्हणालात. मी जरा पुढचं करून ठेवलं. काढतो लगेच."

मी लाखेला हात घातला. मॅडमनी माझं मनगट धरलं. त्या दाराजवळ गेल्या, फटीला नाक लावून हुंगलं, मग शेडच्या त्या पत्र्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, ज्याच्या पलीकडे मुलं झोपली होती. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू नव्हतं, पण हसण्याच्या आसपासचं होतं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बरोबर लावलंस." पर्समधून पेन काढलं आणि सीलच्या कागदावर लिहिलं: मुले झोपतात त्या खोलीला लागून विषारी औषधांचा साठा, म्हणून बंद. खाली सही.

मुकादम म्हणाला, "मॅडम, आभाळ बघा की. डावणीचा रोग पडला तर बाग जाईल."

"मालकाला सांग. सील माझं आहे, मी भेटेन. आणि कुणी हात लावला तर माले कळेल. माले सगळं कळस."

अहिराणीतलं 'माले' ऐकून मी आपोआप दोन पावलं मागे सरकलो.

परत येताना साहेबांचा फोन. मॅडमनी स्कूटर कडेला घेतली. "हो सर, सील लावलं... हो, दाराला... नाही, त्या दाराला नाही... सर, तुम्ही आधी बसा." पुढे बराच वेळ त्या फोन कानापासून लांब धरून उभ्या होत्या. मी शेजारी. मी म्हणालो, "मॅडम, मी साहेबांना सांगतो, चूक माझी आहे."

"तू गप्प बस. चूक होती तोवर तुझी होती. मी सही केल्यापासून माझी आहे."

पाऊस आला नाही, पण आभाळ उघडलंही नाही. दोन दिवसांनी दौलतराव स्वतः कार्यालयात आले. धिप्पाड माणूस, पांढरा सदरा, डोळे तारवटलेले. मॅडमसमोर बसले. मी टेप घेऊन उभा, उगाच.

"ताई, बाग जातीय. वर्षाचं पीक हाय."

"बाग वाचली पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "माझं काही भांडण नाही बागेशी. औषधं दुसरीकडे हलवायची सोय करा, मी येऊन सील काढते."

"आज हलवतो."

"तळ्याला कुंपण."

"ते करतो की. सीझन झाल्यावर."

"मग सीलही सीझन झाल्यावर."

दौलतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेपकडे पाहिलं.

"संडास," मॅडम पुढे म्हणाल्या. "एक असला तरी चालेल, पण दाराचा. आणि त्या खोलीला पडदा आहे, तिथे दार बसवा."

"आणि तरी पोरं तिथंच ठेवायची? अहो ताई, ते बाहेरचे लोक बघायला येणारेत. त्यांना वाटंल मी पोरं राबवतो."

"लपवलेलं पोर कामावरचं वाटतं, दौलतराव. झोपलेलं पोर झोपलेलंच दिसतं. दाखवा त्यांना."

दौलतराव उठले. दाराशी थांबून म्हणाले, "तुमच्या घरचे कसे राहतात हो तुमच्यासंगं?"

"लांब राहतात. पुण्यात."

जाळीचं कुंपण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उभं राहिलं. मॅडमनी ते धरून हलवून पाहिलं, मला त्याच्यावर चढायला लावलं, माझी पँट तारेत फाटली तेव्हा "मजबूत आहे" म्हणाल्या, सील काढलं आणि समोर उभं राहून औषधं हलवून घेतली. यमुनाच्या खोलीला तात्पुरती नोंदणी दिली. नियमात पक्की इमारत लिहिली होती, ती त्यांनी कुठून आणायची? 'पुढील तपासणीपर्यंत' असं लिहून त्यांनी वाट काढली, आणि दर आठवड्याला स्वतः तपासणीला जायला लागल्या.

साहेबांनी कारणे दाखवा नोटीस काढली. आदेश पाळणाघराचे दार सील करण्याचा असताना औषधांची खोली सील का केली? मॅडमनी उत्तर माझ्याकडूनच टाइप करून घेतलं. "सदर पाळणाघरास दार नव्हते. पडद्याला सील लागत नाही." मी म्हणालो, अजून दोन ओळी लिहू या, दिलगिरीच्या. म्हणाल्या, "दिलगिरी कशाची? मला वाटत नाहीये, आणि तुला वाटत असेल तर तुझ्या नावाने वेगळी पाठव."

बदली झाली. नंदुरबारच्या पार टोकाला. कार्यालयात निरोपाचा कार्यक्रम ठरला, हार आणला, वेफर्स-पेढ्यांच्या बशा भरल्या, आणि मॅडम आल्याच नाहीत. साहेबांनी मला कार्यमुक्तीचा कागद दिला. "असतील तिथे गाठ आणि सही घेऊन ये. उद्या कोणी म्हणायला नको की त्या अजून इथेच आहेत." मी पेढ्यांकडे बघतच निघालो.

असतील कुठे? बागेतच होत्या. खरेदीदाराची माणसं त्याच दिवशी येणार होती, आणि दौलतरावांचं मन पुन्हा कच्चं झालं होतं. मुकादम सकाळी येऊन यमुनाला म्हणाला होता, आजच्या दिवस पोरं लांबच्या शेतात ने, नवीन मॅडम अजून यायच्यात, जुन्या गेल्या. यमुनाने फोन केला होता, तो जुन्या मॅडमनाच.

मी पोचलो तेव्हा मॅडम शेडच्या नव्या दाराबाहेर द्राक्षाच्या उलट्या क्रेटवर बसल्या होत्या. शेजारी प्रवासाची बॅग. मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला, बॅगेवर ठेवून सही केली, तारीख घातली, कागद मला दिला. त्या क्षणापासून त्या तिथे कोणीच नव्हत्या. मी आवाज खाली आणून म्हणालो, "मॅडम, आता आपल्याला काही अधिकार नाही."

"तुला होता कधी?" त्या म्हणाल्या. "तरी सील लावलंस की नाही?"

गाडी आली. उतरली ती एक तरुण बाई, टोपी, गळ्यात ओळखपत्र, पायात चिखलाचे जड बूट. मागे दौलतराव, घाम पुसत. ते तिला बागेकडे वळवत होते, पण तिचं लक्ष शेडकडे. "तिथे काय आहे?" तिने विचारलं आणि सरळ आमच्याकडे आली.

मॅडम उठल्या. दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"नमस्कार. आत मुलं आहेत, असं कळलं," ती म्हणाली. "मला बघायचंय. आपण इथल्या कोण?"

दौलतरावांनी डोळे मिटले. मी हातातला कागद खिशात कोंबला.

"कोणी नाही," मॅडम म्हणाल्या. "यांच्या आया बागेत कामाला आहेत, म्हणून ही इथे आहेत. आत जरूर जा, सगळं बघा, जे विचारायचं ते यमुनाला विचारा. पण आत्ताच डोळा लागलाय पोरांचा. बूट काढा आणि हळू बोला."

बाई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग वाकून बुटांचे बंद सोडायला लागली. बागेतलं एक कुत्रं आजूबाजूला घुटमळत होतं, म्हणून तिने बूट माझ्या हातात दिले. दौलतरावांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी त्यांच्या पायांकडे. त्यांनीही वहाणा काढल्या आणि टाचा उचलून, लग्नघरात उशिरा आलेल्या माणसासारखे, तिच्या मागोमाग आत गेले. दार अलगद लोटलं गेलं.

मॅडम पुन्हा क्रेटवर बसल्या. बॅग मांडीवर घेतली. मी दोन्ही हातांत चिखलाचे बूट धरून उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

मी एक शब्दही बोललो नव्हतो.